आचाऱ्यांचे आचार्य: छोट्या टीमची बग-वही निवडताना

ऐन लग्नसराईत एका केटररच्या बिलावर 'आचाऱ्यांची मजुरी' या ओळीच्या जागी 'आचार्यांची मजुरी' असं छापून येतं. काल रात्रीपर्यंत जिलेबी तळणारे सहा आचारी सकाळी आचार्य झालेले असतात. केटरर आधी हसतो. मग वधूपिता बिलावर बोट ठेवतो, तेव्हा त्याचं हसू मावळतं. बिलाचं सॉफ्टवेअर ज्या पाच जणांच्या टीमनं करून दिलं, त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो बिलाचा फोटो टाकतो. एक जण अंगठा दाखवतो, दुसरा 'बघतो' असं लिहितो. त्याच ग्रुपवर संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, सर्व्हर बसल्याची बोंब होते, उद्याच्या डब्याची चौकशी होते. फोटो वर सरकत जातो. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्याच केटररचा फोन येतो, 'अहो, आमच्या आचाऱ्यांचं काय करून ठेवलंत?'

प्रसंग कल्पित आहे, दोष मात्र खरा. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांतला मराठी अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. पहिल्या रीतीत खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या रीतीत साध्या र चा पाय मोडून त्याच्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह ठेवतात. त्याचं नाव झिरो विड्थ जॉइनर, युनिकोडमधला क्रमांक २००डी. आता एखादा प्रोग्राम मजकूर साफ करण्याच्या नादात न दिसणारी चिन्हं पुसायला लागला, की दुसऱ्या रीतीच्या शब्दातलं हे चिन्ह उडतं, र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन रफार होतो आणि आचारी आचार्य होतात. पहिल्या रीतीनं लिहिलेल्या शब्दाला मात्र धक्काही लागत नाही. म्हणून ज्या डेव्हलपरचा कीबोर्ड पहिल्या रीतीनं लिहितो, तो बिल छापून बघेल आणि अगदी प्रामाणिकपणे सांगेल, 'माझ्याकडे तर बरोबर येतंय.'

बिलाच्या नुसत्या फोटोवरून हा बग कुणालाही सापडणार नाही. तो शब्द कोणत्या फोनवर, कोणत्या कीबोर्डनं टाइप केला होता, हे लिहिलेलं असेल तर मात्र अर्ध्या तासाचं काम.

या पुस्तिकेचा विषय त्या 'बघतो'पासून सुरू होतो. बग ट्रॅकिंग सॉफ्टवेअर म्हणजे मुळात एक वही आहे: काय बिघडलं, कुणी सांगितलं, कुणाकडे आहे, दुरुस्त झालं का. बाजारात अशा वह्या डझनांनी मिळतात, आणि त्यांची तुलना करणारे तक्ते त्याहून जास्त. त्या तक्त्यांत आलेख, अहवाल, परवानग्यांचे थर, डॅशबोर्ड यांपुढे बरोबरच्या खुणा असतात. या सगळ्या सोयी वही *वाचणाऱ्या* साहेबाच्या आहेत. पाच जणांच्या टीममध्ये असा वेगळा साहेब नसतोच. जो कोड लिहितो तोच क्लायंटचा फोन घेतो, तोच रात्री सर्व्हर उठवतो. त्यामुळे छोट्या टीमनं आधी दुसऱ्या टोकाकडून बघावं, असा या पुस्तिकेचा आग्रह आहे: टिकीट, म्हणजे वहीतली एक नोंद, टाकणाऱ्याला किती कष्ट पडतात? आणि उद्या हे सॉफ्टवेअर सोडायची वेळ आली, तर आपली टिकिटं उचलून नेता येतात का?

चांगल्या नोंदीचा एक जुना नमुना वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रातल्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या माणसांनी तो चिकटपट्टीनं वहीत डकवला आणि बगची ही पहिलीच खरीखुरी केस असल्याचा शेरा मारला. तिथल्याच टीममधल्या ग्रेस हॉपर यांनी ही गोष्ट पुढे व्याख्यानांतून इतक्यांदा सांगितली, की 'बग' हा शब्दच त्या पतंगापासून आला अशी समजूत झाली. यंत्रातल्या खोडीला बग म्हणण्याची रीत त्याआधीची आहे. एडिसनच्या १८७८ मधल्या पत्रातही तो शब्द या अर्थानं येतो. शेऱ्यातली गंमत तिथूनच आली. इथे मात्र शब्दापेक्षा ती नोंद बघण्यासारखी आहे. वेळ दुपारी ३.४५, जागा पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०, आणि पुरावा सोबत जोडलेला. आजच्या कितीतरी टिकिटांत यातलं निम्मंही नसतं.

दुसरा नमुना एकट्या माणसाचा. डोनाल्ड कनूथ यांनी पुस्तकांची छपाई नीट व्हावी म्हणून टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला आणि १९७८ पासून त्यात सापडलेल्या चुकांची व केलेल्या बदलांची यादी ठेवली. १९८९ मध्ये त्यांनी ती टिपणासह छापूनच टाकली. नोंदी आठशेंहून अधिक, आणि प्रत्येकीपुढे एक अक्षर. टी म्हणजे टंकनातली किरकोळ चूक, एफ म्हणजे विसरून राहिलेलं काम, एस म्हणजे ज्याचा विचारच केला नव्हता असा प्रसंग. अशी पंधरा अक्षरं. आपल्या पुस्तकांतली चूक कळवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत, कारण २५६ पेनी म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीतला एक डॉलर. यादीत 'कुणाकडे दिलं' हा रकाना नव्हता, कारण काम करणारे तेच होते. तिथला महत्त्वाचा रकाना 'का चुकलं' हा. तो त्यांना हवा होता म्हणून होता. बाहेरून आलेल्या वहीत हाच रकाना बहुतेकदा नसतो आणि नको असलेले वीस असतात.

या नको असलेल्या रकान्यांचं मूळ त्या सॉफ्टवेअरच्या जन्मकुंडलीत सापडतं. डेबियन हा लिनक्सचा प्रकल्प जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांचा. १९९४ मध्ये इयन जॅक्सन यांनी त्याच्यासाठी लिहिलेली बगची व्यवस्था ईमेलवर चालते, कारण त्या माणसांना बांधणारा धागा ईमेलच होता. तिथे प्रत्येक बगला स्वतःचा ईमेल पत्ता मिळतो, आणि गांभीर्याच्या पायऱ्या सात आहेत: सगळ्यात वर 'क्रिटिकल', सगळ्यात खाली 'विशलिस्ट'. १९९८ मध्ये नेटस्केपनं आपल्या ब्राउझरचा कोड जगासाठी खुला केला, तेव्हा टेरी वाइसमन यांनी बगझिला लिहिलं. आधी टीसीएल या भाषेत, मग पर्लमध्ये. अनोळखी माणसांचे हजारो बग येणार होते, म्हणून त्यात कोणतं उत्पादन, कोणता भाग, कोणती आवृत्ती, कोणतं यंत्र, हे सगळं विचारलेलं असतं. टिकीट बंद करण्याची कारणंही ठरलेली: दुरुस्त झालं, आधीच्याचीच पुनरावृत्ती, दुरुस्त करणार नाही, आणि 'वर्क्सफॉरमी'. 'माझ्याकडे तर बरोबर येतंय' या वाक्याला बगझिलानं चक्क अधिकृत शिक्का करून दिला आहे.

सिडनीतल्या अॅटलासियन कंपनीचे दोन तरुण संस्थापक हेच बगझिला वापरत होते. त्यांच्या ऑफिसात त्याला 'गोजिरा' म्हणत, म्हणजे गॉडझिलाचं जपानी नाव. २००२ मध्ये स्वतःचं सॉफ्टवेअर विकायला काढताना त्यांनी त्यातला 'गो' काढून टाकला. उरला तो जिरा. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी ते घेतलं आणि प्रत्येकीच्या कामाची साखळी वेगळी, म्हणून जिरामध्ये साखळीची प्रत्येक कडी बदलता येते. दीडशे जणांच्या विभागाला ही सोय वाटते. पाच जणांत मात्र एक जण हळूहळू पूर्णवेळ 'जिरावाला' होऊन बसतो.

छोट्या टीमच्या मापानं शिवलेल्या वह्याही आहेत. सन २००० पासूनची मँटिस पीएचपीत लिहिलेली. साध्या होस्टिंगवर वेबसाइट चालवणाऱ्याला ती त्याच जागेत बसवता येते. २००६ पासूनची रेडमाइन रुबी ऑन रेल्सवरची, तिच्यात बगच्या जोडीला विकी, वेळापत्रक आणि कामाच्या तासांची नोंद येते. चेन्नईच्या झोहोचा बगट्रॅकर भाड्याच्या जागेसारखा: बसवणं-राखणं त्यांच्याकडे, भाडं माणशी. या सगळ्यांना स्वतंत्र प्रकरणं दिली आहेत, म्हणून इथे एवढंच.

एका त्रिकुटाची गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. एसक्यूलाइट हा डेटाबेस आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, आणि त्याची मुख्य टीम आहे तीन जणांची. तिचे प्रमुख रिचर्ड हिप यांना बाजारातली कुठलीच वही पसंत पडली नाही. त्यांनी २००२ च्या सुमारास सीव्हीएसट्रॅक लिहिलं. त्यातून प्रेरणा घेऊन इतरांनी ट्रॅक लिहिलं, ते पुढे खूप चाललं. हिप स्वतः मात्र फॉसिलकडे वळले. कोडचा इतिहास, बगची टिकिटं आणि विकी, सगळं सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे एकच एक्झिक्यूटेबल फाइल. सगळा साठा दुसऱ्या एका फाइलमध्ये राहतो, ती फाइल उचलली की वही उचलली. एसक्यूलाइटचा कोड २००९ पासून तिथेच आहे. त्यांची आणखी एक सवय लक्षात ठेवण्याजोगी: बाहेरच्या माणसाला थेट टिकीट टाकता येत नाही. तो तक्रार चर्चेच्या पानावर मांडतो, तिघांपैकी कुणी ती पडताळतो आणि बग खरा निघाला तरच टिकीट होतं. म्हणजे ओटीवर कुणीही यावं, माजघरात पारखून घ्यावं. केटररला टीमच्या वहीचा पासवर्ड द्यावा का, या नेहमीच्या वादावर हे उत्तर बऱ्याच टीमना लागू पडेल.

टिकीट टाकण्याचे कष्ट कमी कसे करायचे, यावर सगळ्यात व्यवहारी लेखन केलं ते जोएल स्पोल्स्की यांनी. न्यूयॉर्कमधली त्यांची फॉग क्रीक ही छोटी कंपनी फॉगबग्झ हे बग ट्रॅकिंग सॉफ्टवेअरच विकत होती, तेव्हा सल्ल्यामागे धंदा होता हे विसरायचं कारण नाही. पण सल्ला खणखणीत आहे. नोव्हेंबर २००० मधल्या लेखात त्यांनी बगच्या नोंदीत तीनच गोष्टी मागितल्या: बग पुन्हा घडवायचा कसा, काय दिसायला हवं होतं, आणि काय दिसलं. नवे रकाने वाढवण्याचा मोह टाळा, असंही बजावलं. दर महिन्याला कुणाला तरी एखादा झकास रकाना सुचतो. ते सगळे घेत गेलं, तर वर्षभरानं टिकीट टाकणं म्हणजे सरकारी अर्ज भरणं होतं आणि लोक पुन्हा व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायला लागतात.

केटररच्या बगवर हे तीन प्रश्न लावून बघावेत. पहिली नोंद: 'बिलात स्पेलिंग चुकतंय, अर्जंट.' दुसरी नोंद: 'फोनवरून बिलात "आचाऱ्यांची मजुरी" ही ओळ टाइप केली, कीबोर्ड अमुक. सेव्ह करून पीडीएफ काढली. ओळ जशीच्या तशी यायला हवी होती. "आचार्यांची मजुरी" अशी आली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून टाइप केली तेव्हा बरोबर आली.' दुसरी नोंद लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात. पण तिचं शेवटचं वाक्य वाचताच अनुभवी डेव्हलपरचा हात थेट मजकूर साफ करणाऱ्या फंक्शनकडे जाईल. सॉफ्टवेअर निवडताना एवढंच तपासावं, की नव्या टिकिटाच्या कोऱ्या चौकटीत हे तीन प्रश्न आधीच छापून ठेवता येतात का. बहुतेकांत येतात, थोडं खोदावं लागतं.

पहिल्या नोंदीतल्या 'अर्जंट'चीही एक भानगड आहे. नुकसान किती, हा एक प्रश्न आणि आधी कुणाचं करायचं, हा दुसरा. आचाऱ्यांचे आचार्य झाल्यानं पैशांचा हिशोब चुकत नाही, म्हणजे नुकसान किरकोळ. पण परवा चाळीस लग्नांची बिलं छापायची असतील, तर तो आज व्हायला हवा. बगझिलासारख्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'सिव्हिरिटी' आणि 'प्रायॉरिटी' असे दोन रकाने असतात. पाच जणांच्या टीमला बहुधा दुसरा पुरतो, आणि त्यातही तीन पायऱ्या: आज, या रिलीजमध्ये, नंतर. सात पायऱ्या दिल्या, तर चौथी आणि पाचवी यांतला फरक ठरवण्यात सोमवारची मीटिंग जाते.

टिकीट बंद कुणी करायचं, हाही सॉफ्टवेअरचा प्रश्न वाटत नाही, पण आहे. दुरुस्ती करणाऱ्यानं 'झालं' म्हणावं आणि ज्यानं बग टाकला त्यानंच तपासून टिकीट बंद करावं, असं स्पोल्स्की सांगतात. केटररच्या बाबतीत हे फार लागू पडतं. डेव्हलपर स्वतःच्या कीबोर्डवर तपासून टिकीट बंद करून टाकेल, आणि आचारी आचार्यच राहतील. म्हणून 'झालं' आणि 'बंद' या दोन वेगळ्या अवस्था वहीत असाव्यात.

कोड जिथे राहतो तिथेच बगही राहावेत, असा एक विचार गेल्या काही वर्षांत जोर धरून आहे. गिटहबवर कमिटच्या संदेशात 'फिक्सेस' आणि पुढे टिकिटाचा क्रमांक लिहिला, की तो कोड मुख्य शाखेत जाताच टिकीट आपोआप बंद होतं. मघाची दोन अवस्थांची शिस्त इथे मोडते, पण धागा पक्का बांधला जातो: दोन वर्षांनी कुणी विचारलं, 'ही ओळ इथे कशाला?', तर ओळीवरून कमिट, कमिटवरून टिकीट, टिकिटावरून केटररचा फोटो. मोठे प्रकल्पही याच वाटेनं गेले. कंपायलरचा एलएलव्हीएम प्रकल्प २०२१ च्या अखेरीस बगझिला सोडून गिटहबवर आला, पायथन ही भाषा एप्रिल २०२२ मध्ये राउंडअप ही जुनी वही सोडून आली. दोन्ही प्रकल्पांना हजारो जुनी टिकिटं, त्यांचे क्रमांक आणि त्यांवरच्या चर्चा सोबत न्यायच्या होत्या. क्रमांक हीच त्यातली अवघड गोष्ट, कारण जुन्या कमिटमध्ये आणि लोकांच्या ईमेलमध्ये ते कायमचे कोरलेले असतात.

म्हणून बाहेर पडायचं दार आत शिरतानाच बघून ठेवावं. गूगल कोडवर २००६ पासून असंख्य छोट्या प्रकल्पांचे कोड आणि बग होते. मार्च २०१५ मध्ये घोषणा झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती सेवा बंद झाली. अॅटलासियननं स्वतःच्या सर्व्हरवर बसवायच्या जिराच्या 'सर्व्हर' आवृत्तीचा आधार फेब्रुवारी २०२४ मध्ये थांबवला. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये देखभालीच्या एका चुकीनं त्याच कंपनीच्या ७७५ ग्राहकांची क्लाउडवरची खाती गायब झाली होती. काहींना ती परत मिळायला दोन आठवडे लागले. पाच जणांच्या टीमनं दोन आठवडे बगच्या यादीविना काढायचे म्हणजे काय, हे ज्यानं त्यानं डोळ्यांपुढे आणावं.

मग स्वतःच्या सर्व्हरवर वही ठेवली की सुटलो? तिथे बॅकअप घेणारा, अपडेट टाकणारा माणूस लागतो, आणि हा माणूस छोट्या टीममध्ये नेमका रजेवर असतो. शिवाय बगच्या वहीत घराची किल्ली कुठे ठेवली हेही लिहिलेलं असतं. सप्टेंबर २०१५ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलानं जाहीर केलं, की त्यांच्या बगझिलामधली १८५ गुप्त टिकिटं एका घुसखोरानं वाचली. त्यांतली ५३ गंभीर सुरक्षा-दोषांची होती. घुसखोरानं सॉफ्टवेअर फोडलंच नव्हतं. वरचे अधिकार असलेल्या एका वापरकर्त्यानं तोच पासवर्ड दुसऱ्या साइटवरही ठेवला होता, तिथून तो फुटला. दुहेरी लॉगिनची सोय आहे का, आणि काही टिकिटं मोजक्यांनाच दिसतील असं करता येतं का, हे दोन प्रश्न म्हणून पुस्तिकेतल्या तपासणी-यादीत बरेच वर आहेत.

पैशांचं गणित सोपं दिसतं, पण उंबरठ्यावर अडखळायला होतं. जिराची मोफत योजना दहा जणांपर्यंत आहे. पाच जणांची टीम खुशीत आत शिरते. मग दोन टेस्टर येतात, एक इंटर्न येतो, क्लायंटकडच्या तिघांना खातं द्यावं लागतं आणि अकराव्या माणसाबरोबर बिल सगळ्यांचं सुरू होतं. तेव्हा आजची किंमत शून्य असली तरी अकराव्या माणसाची किंमत विचारून ठेवावी.

आणि एक चाचणी मराठी टीमची खास. चाचणीच्या खात्यात 'आचाऱ्यांची मजुरी' या नावाचं टिकीट टाकावं. एकदा एका कीबोर्डनं, एकदा दुसऱ्यानं. मग शोधाच्या चौकटीत तो शब्द टाइप करावा. दोन्ही टिकिटं सापडली तर उत्तम. एकच सापडलं, तर आपण ज्या बगची नोंद ठेवायला आलो, तोच बग त्या वहीतही आहे असं समजावं आणि पुढच्या दुकानात जावं, किंवा टिकिटांना इंग्रजी लेबलंही लावायची सवय करावी.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमानं आहे. पहिल्या भागात सॉफ्टवेअरचं नावही येत नाही. मागच्या दोन महिन्यांतले व्हॉट्सअॅपवरचे फोटो, ईमेल आणि एक्सेलच्या 'फायनल', 'फायनल २' अशा फाइलींमधून वीस खरे बग वेचून काढायचे आणि ते तीन प्रश्नांच्या साच्यात पुन्हा लिहायचे, एवढाच त्यातला गृहपाठ. दुसऱ्या भागात तेच वीस बग तीन वेगवेगळ्या वह्यांत टाकून बघायचे. प्रत्येक टिकिटाला लागलेली मिनिटं मोजायची, टीममधल्या सगळ्यात नव्या माणसानं टाकलेलं टिकीट सगळ्यात जुन्यानं वाचायचं, आणि दोन आठवड्यांनी सगळी टिकिटं चित्रं-चर्चांसकट बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओतून बघायची. तिसऱ्या भागात निवड झाल्यानंतरचे पहिले तीन महिने आहेत. ग्रुपवर येणारे फोटो बंद करायचे नाहीत. पण ज्याच्या नजरेस फोटो पहिल्यांदा पडेल त्यानं टिकीट टाकायचं आणि ग्रुपवर 'बघतो'च्या जागी त्याचा क्रमांक लिहायचा.

वीस बगच्या त्या नमुना-यादीत पहिला क्रमांक अर्थातच आचाऱ्यांना दिला आहे.